बारा व्होल्ट लिहिलंय म्हणजे बारा व्होल्टच येतात असं नाही: मॉडेल रेल्वेच्या सिग्नलसाठी पॉवर सप्लाय निवडताना

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय. आज आकडे जरा जास्त आहेत. लोकलमध्ये उभ्याने वाचत असाल तर आकड्यांवरून नजर फिरवा आणि पुढे चला, घरी गेल्यावर परत बघा.

तर, शनिवारी संध्याकाळी साडेसातला मामाचा फोन आला. एरवी मामा फोनवर पाल्हाळ लावतो. त्या दिवशी एकच वाक्य बोलला. "अगं, सिग्नल वितळतायत."

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझा मामा कर्जतला राहतो. रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात सगळी नोकरी झाली, ऊन-पावसात रुळांच्या कडेने चालत. मी शाळेत असताना त्याने मला पुण्याला कोथरूडमधलं भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवलं होतं. ते १९९८ पासून चालू आहे, अजून गेला नसाल तर जाऊन या. मी तिथल्या गाड्या बघत होते आणि मामा सिग्नल बघत होता. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या माळ्यावर नऊ फूट बाय अडीच फूट प्लायवूडवर कर्जत यार्डाचं घाटाकडचं टोक उभं करायला घेतलं. जिथे गाडीला मागून बँकर इंजिन लागतात, ते टोक. स्केल एचओ, म्हणजे १:८७. (खऱ्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर, १:८७ ने ते १९ च्या वर जातं, आणि बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ चा. यावर मामा तासभर बोलू शकतो. मी विषय बदलते.)

रूळ आणि गाड्या त्याने विकत आणल्या, सिग्नल मात्र स्वतः केले. आपल्याकडच्यासारखे चार दिव्यांचे सिग्नल तयार मिळणं कठीण. वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा, लाल. पितळी नळीचा खांब, प्लॅस्टिकच्या शीटचा चौकोनी पाया, प्रत्येक दिव्यावर काळ्या कागदाची टोपी. पायाच्या आत रेझिस्टर. तांदळाच्या दाण्याहून लहान एलईडीला केसासारखी वायर सोल्डर करायची, आणि मामाचा उजवा हात आता थोडा थरथरतो. सात सिग्नल करायला चार महिने लागले. रविवारी त्याचे जुने सहकारी बघायला येणार होते. त्यासाठी शनिवारी त्याने सगळे सिग्नल पहिल्यांदाच एकत्र जोडून तीन तास चालू ठेवले.

आणि त्याला पॉवर सप्लाय सुचवला होता मी. आठवडाभर आधी त्याने विचारलं होतं, "घरात जुना अडॅप्टर आहे, बारा व्होल्ट, एक अँपिअर. चालेल का?" मी ऑफिसच्या कॉलवर होते. म्हटलं, "बारा लिहिलंय ना? मग लाव बिनधास्त." मी बीटेक आहे. हे वाक्य इथे मुद्दाम लिहितेय.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीने मल्टिमीटर घेऊन गेले. पाच सिग्नलचे लाल दिवे गेले होते किंवा मेणबत्तीसारखे मिणमिणत होते. तीन सिग्नलचे पाये मऊ होऊन खांब कलंडले होते. माळ्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. मित्रांना मामाने "तब्येत बरी नाही" म्हणून सांगितलं होतं.

मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टचा अडॅप्टर, काहीही न जोडता, १७.४ व्होल्ट दाखवत होता. सात सिग्नल जेवढा करंट घेतील तेवढा लोड लावून पाहिला, तर १६.

अडॅप्टर खोटं बोलत होता का?

गंमत म्हणजे नाही. तो अडॅप्टर जुन्या पद्धतीचा होता, हातात घेतला की वीट उचलल्यासारखा जड. आत एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर, बस. व्होल्टेज एका जागी धरून ठेवणारं सर्किट, म्हणजे रेग्युलेटर, आत नसतोच. त्यावरच्या लेबलचा खरा अर्थ असा: "माझ्याकडून पूर्ण एक अँपिअर ओढलात, तर मी साधारण बारा व्होल्टवर येईन." कमी ओढलात तर तो वर जातो, कारण आतला कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या लाटेच्या शेंड्यापर्यंत भरून बसतो. त्यातून भिंतीतले २३० व्होल्ट रात्री २४५ झाले, की हाही त्याच प्रमाणात वर सरकतो. ज्या जुन्या टेपरेकॉर्डरबरोबर तो आला होता त्याच्या आत स्वतःचा रेग्युलेटर असणार, त्यामुळे त्याचं कधी अडलं नाही.

आता हिशोब बघा. लाल एलईडी स्वतः साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेलं सगळं रेझिस्टरने सोसायचं. मामाने ४७० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर लावले होते, कुठल्या तरी जुन्या तक्त्यातून. बारा व्होल्टवर उरतात १०. १० भागिले ४७०, म्हणजे २१ मिलिअँपिअर. रेझिस्टरमधली उष्णता ०.२१ वॅट. पाव वॅटच्या रेझिस्टरला हे जेमतेम झेपतं, तेही मोकळ्या हवेत. सोळा व्होल्टवर उरतात १४. करंट ३० मिलिअँपिअर, उष्णता ०.४२ वॅट. एवढ्याशा एलईडीची कमाल साधारण २० ते २५ मिलिअँपिअरची. आणि रेझिस्टर बंद प्लॅस्टिकच्या डबीत. ती डबी शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि दीडपट ओझं असलेला रेझिस्टर तिथे सहज पोचतो.

लालच का गेले? कारण सिग्नल बाय डिफॉल्ट लाल असतो. तीन तास जळत राहिला तो लाल.

म्हणजे चूक दोन ठिकाणी होती. माझा अडॅप्टर आणि मामाचा रेझिस्टर. दोन्हीपैकी एक जरी बरोबर असतं तरी सिग्नल वाचले असते. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खात्यात असताना असा रिपोर्ट लिहिला असता तर साहेबाने दोघांनाही चार्जशीट दिली असती."

फोनच्या चार्जरने लावलेली वाईट सवय

आपल्या पिढीचा एक गोंधळ इथे मोकळा करू. आपण ६५ वॅटच्या चार्जरला जुना फोन लावतो आणि काही होत नाही. लॅपटॉपचा चार्जर फोनला चालतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की पिन बसली म्हणजे झालं. पण टाइप-सी मध्ये फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात. चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. फोन म्हणतो मला ९ चालतील, चार्जर म्हणतो ठीक आहे, मगच व्होल्टेज वाढतं. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर आधी हँडशेक, मग डेटा.

सिग्नल कुणाशी बोलत नाही. त्यात एक एलईडी आणि एक रेझिस्टर. समोरून जे येईल ते तो घेतो.

म्हणून व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे वेगळे वाचायचे. व्होल्ट म्हणजे दाब, तो सप्लाय ठरवतो. तो बरोबरच असायला हवा. अँपिअर म्हणजे तो सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो. किती घ्यायचं ते सिग्नल ठरवतो. गच्चीवर हजार लिटरची टाकी असली म्हणून तुमचा नळ जास्त जोरात येत नाही, टाकी किती उंचावर आहे त्यावर जोर ठरतो. "पाच अँपिअरचा लावला तर माझा सिग्नल जळेल का?" या प्रश्नाचं उत्तर, नाही जळणार. पण पाच अँपिअरची दुसरी एक भानगड आहे, ती पुढे येईल.

सिग्नलला लागतं किती?

हा भाग ऐकून बरेच जण चकित होतात. मामाचे सात सिग्नल. चार दिव्यांच्या सिग्नलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त दोन दिवे लागतात, डबल यलो असेल तेव्हा. हल्लीचे एलईडी इतके तेज आहेत की १:८७ च्या सिग्नलला २० मिलिअँपिअर दिले तर तो सिग्नल न वाटता गाडीचा हेडलाइट वाटतो. ३ मिलिअँपिअर पुरतात. हिशोबाला आपण सढळ हाताने ५ धरू. सात सिग्नल, प्रत्येकी दोन दिवे, प्रत्येकी ५. झाले ७० मिलिअँपिअर. दोन सिग्नलवर फाटा दाखवणारे पाच-पाच पांढरे दिवे आहेत, ते एकदम लागतात, म्हणून आणखी ५०. समोरच्या कंट्रोल पॅनलवर वीसेक छोटे एलईडी, त्याचे १००. एकूण २२०. त्याच्या दुप्पट धरा, म्हणजे सप्लाय कधी दमणार नाही. साधारण अर्धा अँपिअर.

अख्ख्या यार्डाच्या सिग्नलला अर्धा अँपिअर! त्यामुळे दुकानात कुणी तुम्हाला "मॉडेल रेल्वे आहे ना, दहा अँपिअरचा न्या" म्हणालं तर हसून पुढे जा. सिग्नलसाठी पैसे अँपिअरवर घालवू नका, व्होल्टेज स्थिर असण्यावर घाला.

आणि पहिला बदल सप्लायचा न करता रेझिस्टरचा करा. लालला ३.३ किलोओहम लावलात तर बारा व्होल्टवर ३ मिलिअँपिअर जातात. रेझिस्टरमध्ये ०.०३ वॅट, म्हणजे हाताला गरमही लागणार नाही. आता याच सिग्नलला माझा तो बदनाम १७ व्होल्टचा अडॅप्टर लावा. करंट होतो साडेचार. दिवा किंचित उजळ दिसेल, बाकी काही नाही. मोठा रेझिस्टर हा वाईट सप्लायविरुद्धचा सगळ्यात स्वस्त विमा आहे. गर्द हिरव्या एलईडीचं थोडं वेगळं: तो स्वतः ३ व्होल्ट घेतो आणि डोळ्याला फार तेज दिसतो. मामाने त्याला शेवटी १० किलोओहम लावला, तेव्हा कुठे लाल-हिरवा सारखे दिसायला लागले.

इथे एक सापळा आहे, डबल यलोचा. काही जण रेझिस्टर वाचवायला चारही दिव्यांच्या सामाईक वायरवर एकच रेझिस्टर लावतात. एका वेळी एकच दिवा लागतो तोपर्यंत हे चालतं. डबल यलोला तोच करंट दोघांत वाटला जातो आणि दोन्ही पिवळे फिके पडतात. बघणाऱ्याला वाटतं सप्लाय कमी पडला, आणि तो मोठा सप्लाय आणतो. त्याने काहीही फरक पडत नाही. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर, हा नियम पाळा.

रुळांतूनच वीज घेतली तर?

हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो, मीही विचारला. रुळांत वीज आहेच, तिथूनच दोन वायरी सिग्नलला नेल्या तर?

साध्या डीसी पद्धतीत रुळांतली वीज शून्य ते बारा व्होल्ट अशी गाडीच्या वेगाप्रमाणे बदलते. गाडी पळाली की सिग्नल तेज, गाडी हळू झाली की सिग्नल फिका. गाडी लाल सिग्नलपाशी थांबली की व्होल्टेज शून्य, आणि सिग्नल बंद. म्हणजे ज्या क्षणी लाल हवा नेमका त्याच क्षणी तो गायब! गाडी उलट नेली की प्लस-मायनस उलटे होतात, तेव्हाही एलईडी बंद.

डीसीसी पद्धतीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांत सतत साधारण १४-१५ व्होल्ट असतात, त्यामुळे हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण एखादा डबा घसरून रुळांत शॉर्ट झाला की बूस्टर वीज तोडतो आणि सगळं यार्ड अंधारात जातं. शिवाय डीसीसी बूस्टरचा एकेक अँपिअर महाग असतो, तो इंजिनांसाठी ठेवावा.

मामाला हे समजवायची गरजच पडली नाही. खऱ्या रेल्वेत इंजिनाच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची वायर असते, पण सिग्नलची वीज वेगळ्या व्यवस्थेतून येते, आणि एक वाट बंद पडली तर दुसरी असते, मागे बॅटऱ्या असतात. कारण विझलेला सिग्नल म्हणजे "काही नाही, जा" असं नसतं. ज्या जागी सिग्नल असायला हवा तिथे तो विझलेला दिसला, तर ड्रायव्हरने तो सगळ्यात कडक अर्थाने, म्हणजे लालच, धरायचा असा नियम आहे. एक दिवा गेला की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. "म्हणून सिग्नलची वायर आणि ट्रॅक्शनची वायर," मामा म्हणाला, "सासू-सुनेसारखी. एका घरात, पण चुली वेगळ्या."

हीच वेगळी चूल पॉइंट बदलणाऱ्या मोटारींसाठीही ठेवा. रुळाचा सांधा खटकन हलवणारी जी कॉइलवाली मोटर असते ती क्षणभर दोन-तीन अँपिअर ओढते. सिग्नल त्याच सप्लायवर असेल तर प्रत्येक खटक्याला सगळे दिवे डोळा मारतात, आणि मध्ये एखादं मायक्रोकंट्रोलर बोर्ड असेल तर ते रीसेट होतं. हा बग शोधायला मी एकदा अख्खी रात्र कोड वाचला होता. कोड बरोबर होता. हात असलेले जुने सेमाफोर सिग्नल सर्व्होने हलवणार असाल तर सर्व्होचंही तसंच. त्यांना स्वतःचा ५ व्होल्टचा सप्लाय द्या.

मग आणायचं काय?

सरळ सांगते: ब्रँडेड, रेग्युलेटेड, भिंतीत लावायचा १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा २ अँपिअर एसएमपीएस अडॅप्टर. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना आणि वायफाय राउटरला लावतात तो. हातात हलका लागतो. लोड असो-नसो, १२ च्या आसपासच राहतो. मामा कर्जतहून दादर आणि दादरहून ग्रँट रोड असं करत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेऊन आला. पुणेकरांनी बुधवार पेठेत जावं. घरी आल्यावर मोजला, मोकळा १२.१ आणि लोड लावून १२.१.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी खरी आहे का ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, फोन हातात असतोच. दुसरी, पिनच्या चिन्हात मधला बिंदू प्लस आहे का. बहुतेकांत असतो, पण जुन्यांत उलटाही सापडतो, आणि एलईडीला उलटं व्होल्टेज पाचेकच्या वर सहन होत नाही.

घरातला फोनचा ५ व्होल्टचा चार्जर चालेल का? चालेल, आणि छोट्या लेआउटला चांगला चालेल. लालला १ किलोओहम लावला की ३ मिलिअँपिअर मिळतात. फक्त हिरवा स्वतःच ३ व्होल्ट खातो, त्यामुळे हाताशी दोनच उरतात आणि एलईडीत थोडा फरक असला तरी उजेडात फरक दिसतो. बारावर ही अडचण नाही. पॉवर बँक मात्र टाळा. सिग्नल इतका कमी करंट घेतात की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि थोड्या वेळाने ती झोपी जाते.

आता ज्या गोष्टी घेऊ नयेत. घरच्या सीलिंगमधल्या एलईडी पॅनलचा ड्रायव्हर बारा व्होल्टच्या अडॅप्टरसारखाच दिसतो. त्यावर व्होल्टेजचा एक आकडा नसतो, "१८ ते २५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर" असं काहीतरी असतं. तो करंट धरून ठेवतो आणि व्होल्टेज हवं तसं फिरवतो. सिग्नलला अगदी उलटं हवं असतं.

दुसरी, जाळीदार पत्र्याच्या डब्यातली एसएमपीएस, लाइटिंगच्या दुकानात मिळते ती. सप्लाय म्हणून चांगली असते, पण तिच्या एका टोकाला २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. ज्या टेबलाखाली तुम्ही स्वतः सरपटणार आणि ज्या टेबलापाशी घरातली पोरं येणार, तिथे उघडे २३० व्होल्ट ठेवू नका. यावर माझं मत पक्कं आहे. २३० भिंतीत राहू दे, टेबलाखाली १२ च्या वर काही येऊ नये.

जुन्या कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय फुकट असते म्हणून बरेच जण वापरतात. इथे ती मघाची मोठ्या अँपिअरची भानगड येते. त्या डब्यात बारा व्होल्टवर वीस-वीस अँपिअर तयार असतात. सिग्नलला त्याने काही होत नाही. पण टेबलाखाली दोन वायरी एकमेकींना टेकल्या, तर छोटा अडॅप्टर घाबरून बंद होतो, हा मात्र वीस अँपिअर ओतत राहतो आणि बारीक वायर लाल होते. मोठा सप्लाय वापरायचाच असेल तर सिग्नलच्या वायरीत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज हवाच. खरं तर छोट्या सप्लायलाही टाका, पाच-दहा रुपयांचं काम आहे.

परदेशातून आणलेले तयार सिग्नल असतील तर डबीवरचं वाचा. मार्कलिनचे जुने ट्रान्सफॉर्मर १६ व्होल्ट एसी देतात, आणि फिसमानसारख्या जर्मन कंपन्यांच्या कित्येक सिग्नलवरही १४ ते १६ व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. त्यांच्यासोबत लागणारे डायोड आणि रेझिस्टर दिलेले असतात. ते कापून टाकू नका. मामाचे घरचे सिग्नल तसेच एसीवर लावले तर १६ व्होल्ट एसीचा शेंडा साडेबावीसच्या वर जातो, तोही उलट्या दिशेने. वर एसीवरचा एलईडी सेकंदाला पन्नास वेळा विझतो. डोळ्याला कळत नाही, पण फोनवर व्हिडिओ काढलात की सिग्नल लुकलुकताना दिसतात. रील करायचे असतील तर डीसीच बरा.

वायरचं फार टेन्शन घेऊ नका. एवढ्या कमी करंटला साधी ७/३६ ची वायर पाच मीटर गेली तरी व्होल्टचा दहावा हिस्साही पडत नाही. रंग मात्र ठरवून घ्या आणि कागदावर लिहा. मामाचा सिग्नल सप्लाय म्हणजे नारिंगी आणि काळी, ट्रॅकच्या वायरी वेगळ्याच रंगाच्या. सिग्नलच्या मायनसची वायर डीसीसीच्या रुळाला कधीही, सोयीसाठीसुद्धा, जोडायची नाही.

आणि दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. कुठलाही सप्लाय, नवा असो की माळ्यावरचा, सिग्नलला लावायच्या आधी मोकळा मोजा. मी फोनवर "बिनधास्त लाव" म्हणायच्या ऐवजी "मोजून सांग" म्हणाले असते तर हा एपिसोड झाला नसता.

सात सिग्नल परत करायला सहा आठवडे लागले. या वेळी सोल्डरिंग मी केलं आणि टोप्या मामाने कापल्या. नव्या अडॅप्टरवर त्याने पांढरी पट्टी चिकटवून पेनने लिहिलंय, "फक्त सिग्नल".

मित्र आले, तिघं. चहा झाला, माळ्यावर गेलो. मामाने कंट्रोलर फिरवला, गाडी यार्डातून निघाली, पहिला सिग्नल हिरवा, दुसरा डबल यलो. त्यातल्या सगळ्यात वयस्कर काकांनी अचानक पुढे होऊन कंट्रोलरची घुंडी शून्यावर आणली. आम्ही बघतच राहिलो. "अरे, पुढचा सिग्नल ब्लँक आहे," ते म्हणाले. "गाडी कुठे नेतोस?"

खरंच तिसरा सिग्नल विझलेला होता. मी लगेच मल्टिमीटर घेऊन टेबलाखाली. सप्लाय १२.१ वर ठाम होता. टर्मिनलचा एक स्क्रू सैल राहिला होता, माझ्याच हातून.